लाल पेनातला शनिवार

दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले आणि आमच्या लोणावळ्याच्या शाळेत मी समुपदेशक झाले. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! मूळची मी मराठीची बाई, तीही खाष्ट. व्हरांड्यात एक पेटी लावली आणि मुलींना सांगितलं, मनात असेल ते लिहा, नाव घालू नका.

शुक्रवारी पेटी उघडली, तर एकच चिठ्ठी. 'बाई शनवारी घरी जाऊ वाटत न्हाई. लय भ्या वाटतं.' समोर आठवीच्या वह्यांचा गठ्ठा, हातात लाल पेन. जित्याची खोड! 'शनवारी'ला गोल करून वर लिहिलं 'शनिवारी'. 'न्हाई'चं केलं 'नाही'. 'भ्या'खाली दोन रेघा मारल्या आणि पुढची वही ओढली. मी ती चिठ्ठी वाचलीच नव्हती, नुसती तपासली होती.

मान वर केली तर वर्गातली एक मुलगी उरलेल्या वह्या घेऊन टेबलाशी उभी. नजर चिठ्ठीवर. "काय गं, बघत काय उभी राहिलीस? पळ वर्गात!" मी खेकसले. ती गेली.

सोमवारी त्याच अक्षरातली दुसरी चिठ्ठी निघाली. 'बाई, मला कसलीही भीती वाटत नाही.' स्वल्पविराम, वेलांट्या, सगळं जागच्या जागी. मधे शनिवार होऊन गेला होता. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

आठवीच्या वह्या उलटून ते अक्षर शोधलं, तर ते टेबलाशी उभ्या राहिलेल्या त्याच मुलीचं. तिच्या आईला बोलावून घेतलं. ती बंगल्यांवर कामाला. म्हणाली, "शनवारी पाव्हणं येत्यात, मला रातीला तितंच ऱ्हावं लागतं. पोरीच्या सोबतीला माजा दीर असतो की." आणि माझं तोंड बघून ती हळूहळू खाली बसली.

पुढं करायचं ते सगळं रीतसर केलं. दीर आता त्या घरात नाही. दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंशी पोरगी बोलते, मोकळं बोलते म्हणे. माझ्याशी मात्र नाही, आणि तिचं काय चुकलं?

परवा मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीला सांगत होती, "लय हसले मी!" तेवढ्यात मी दिसले. ती खाली बघून म्हणाली, "खूप."