ओला दगड आणि इब्राहिमभाई

सौदीत, दम्मामला कंपनीच्या व्हिलात मला जी खोली मिळाली, तिच्यातली दुसरी खाट इब्राहिम सोलकरांची होती. मी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. इब्राहिमभाई मशिदीतून आले, जेवले, हात धुतले, मग साबण लावून पुन्हा धुतले आणि कपाटातून एक मोठं चौकोनी पाकीट काढून ब्लेडनं त्याची कडा हळूच कापली. आत तबकडी होती. ती त्यांनी प्लेअरवर ठेवली, कानांवर हेडफोन चढवले, प्लास्टिकची खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांडली आणि मला म्हणाले, "अनंता, आता पाऊण तास मना काय विचारू नको. घराला आग लागली तर सांग."

पांढरी दाढी, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, कपाळावर नमाजाचा डाग. मला वाटलं, कुणा मोठ्या कारीचं कुराणपठण ऐकत असतील. मीही अदबीनं खोकला दाबून बसलो. मध्ये फक्त एकदा उठून त्यांनी तबकडी उलटवली. पाऊण तासानं वळून ते म्हणाले, "पयल्यांदा एकट्यानंच ऐकायची. आता तू ऐक," आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. मी दचकलोच. काँक्रीटच्या मिक्सरमध्ये कुणी गिटार टाकून दिल्यासारखा आवाज, त्याच्यामागे अजिबात घाई नसलेला ढोल आणि विहिरीच्या तळातून गात असावा असा एक माणूस.

"हे काय आहे हो?"

"जपानी हायत. चौघं जण. नुरेइशी. म्हंजे ओला दगड," ते म्हणाले. "ही त्यांची आठवी. सहा वर्षांनी काढलीन."

दाभोळच्या खाडीकाठचा हा माणूस, 'ळ' ऐवजी 'ल' म्हणणारा कोकणी मुसलमान, आमच्या कंपनीचा स्टोअरकीपर. व्हॉल्व्ह, गॅस्केट, बोल्ट यांच्या रॅकांमध्ये त्याची पंचवीस-तीस वर्षं गेलेली. त्याला जपानातल्या चार लांब केसांच्या माणसांचं हे वेड कुठून लागलं, ते मला हळूहळू समजलं.

तरुणपणी ते सौदीच्याच दक्षिणेला, जिझानच्या बाजूला, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या एका प्रकल्पावर होते. तिथे मोरिता नावाचा जपानी तपासनीस होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी दुपारच्या सुट्टीत दोघं एकाच पाइपाच्या सावलीला डबा खायला बसत. इब्राहिमभाई त्याला सुक्या बांगड्याचा तुकडा देत, तो यांना लोणच्यातला मुळा देई. एके दिवशी मोरितानं खिशातून कॅसेट काढली. त्याचा चुलतभाऊ त्या बँडमध्ये ढोल वाजवत होता. "मी नुसता त्याला बरां वाटावां म्हणून ऐकली," इब्राहिमभाई सांगत. "एक गाणां अख्खी बाजू चालला. पत्र्याच्या खोलीत झोपलेलो, बाहेर वारा नि वालू. आणि मना वाटला, ह्या लोकांना पन कुठं जायची घाई नाय. आपल्यासारकीच बसलीत."

मोरिता जपानला परत गेला, पण ओल्या दगडाचा नवा अल्बम आला की पोस्टानं पाठवायचा. सोबत इंग्रजीत एका ओळीची चिठ्ठी. 'या वेळी थोडे संथ आहेत.' 'बासवाला बदलला.' 'मला आवडला नाही, तुला आवडेल.' पुढे एका पाकिटातून मोरिताच्या मुलीची चिठ्ठी आली, वडील वारल्याची. त्यानंतर इब्राहिमभाई स्वतः मागवू लागले, आणि मी आल्यावर इंटरनेटवर नाव-पत्ता टाइप करण्याचं काम माझ्याकडे आलं.

बँडच्या घरचं सगळं त्यांना त्या पाकिटांतून कळायचं. "पाचव्यात गानं नाय, नुसता वाजवलान. गानारा भांडून गेला आसंल." "सहाव्यात परत आलाय, पन आवाज बसलाय त्याचा." आणि स्वतःच्या घरचंही ते त्याच मोजमापानं सांगत. दुसरा अल्बम आला तेव्हा नसीम जन्मली. चौथा आला त्या आठवड्यात बाप गेला आणि कफीलानं, म्हणजे तिथल्या मालकानं, पासपोर्ट दिला नाही म्हणून माती द्यायला जाता आलं नाही. सातवा आला तेव्हा नसीमचं लग्न होतं, त्याला मात्र गेले. दोन वर्षांतून दोन महिने, एवढाच त्यांचा सकीनाभाभींबरोबरचा संसार.

व्हिलातल्या एका धार्मिक वृत्तीच्या गृहस्थांनी एकदा त्यांना सुनावलं की वाद्यं ऐकणं बरं नव्हे, आणि या देशात तर मुळीच नव्हे. इब्राहिमभाई चिडले नाहीत. म्हणाले, "त्याचां उत्तर मना वर द्यावां लागंल, ते मी दीन. तुमी इथं तरास घेव नका."

मग ते दिवस आले. सरकारनं कंपन्यांना रंग दिले, हिरवा, पिवळा, लाल. सौदी माणसं पुरेशी नसतील त्या कंपनीतल्या परदेशी लोकांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, अडणार. आमची कंपनी पिवळ्यात होती. रोज कुणाचं ना कुणाचं नाव निघे, आणि जेवणाच्या टेबलावर त्या माणसाकडे कुणी सरळ बघत नसे. एका सकाळी मॅनेजरनं इब्राहिमभाईंना बोलावलं. स्टोअरकीपरची जागा सौदी माणसाला द्यायची ठरली होती. सहा महिन्यांत त्याला तयार करायचं आणि मग फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी.

ते स्टोअरमध्ये परत आले तेव्हा मी मालाच्या मागणीचा कागद घेऊन तिथेच होतो. पेन्सिल उचलून त्यांनी कानावर ठेवली, परत काढली, परत ठेवली. म्हणाले, "खलास रे अनंता."

नवा माणूस फहद. पस्तिशीचा, तीन मुलांचा बाप, दम्मामच्या खालच्या अल-अहसाकडचा. पहिले पंधरा दिवस तो उशिरा यायचा आणि खुर्चीवर बसून फोन बघायचा. आमच्यातले लोक इब्राहिमभाईंना गाठून सांगू लागले, "त्याला सगळं दाखवू नका. अर्धं हातात ठेवा. तुमच्यावाचून अडलं म्हणजे मॅनेजरच तुम्हाला थांबवील." मीही त्यांतलाच एक होतो. मला खरंच वाटत होतं की ते राहावेत.

"अर्धां शिकवलां तर अर्धी चूक माझी होईल," ते म्हणाले. "तिकडं पाइप फुटला तर माणूस भाजतो. त्याला काय माहीत, कोण कुनावर रुसलाय?"

एकदा ते फहदसमोर जाऊन उभे राहिले आणि अरबीत म्हणाले, "बाबा, तू मला आवडत नाहीस असं तुला वाटतं का?"

फहदनं फोन खाली ठेवला. म्हणाला, "अम्म इब्राहिम, ही माझी तिसरी नोकरी. आधीच्या दोन्ही ठिकाणी मला खुर्ची दिली आणि सांगितलं, बस. सरकारला दाखवायला माझं नाव हवं होतं. काम कुणी दिलं नाही. मी विचारायला गेलो की लोक हसायचे." अम्म म्हणजे काका. ही हाक त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा मारली.

इब्राहिमभाईंनी काय करावं? त्यांनी त्याची खुर्ची उचलून बाहेर नेऊन ठेवली. "उद्यापासून खुर्ची नाही. यल्ला, चल." तेव्हापासून दोघं दिवसभर रॅकांमधून उभे. डोळे मिटून गॅस्केट, पाइपाच्या जोडात बसवायची चकती, हातात घ्यायची आणि नुसत्या स्पर्शावरून सांगायचं, ग्राफाइटची की रबराची. चुकला तर इब्राहिमभाई म्हणत, "परत." बरोबर सांगितलं तरी म्हणत, "परत." तीन महिन्यांनी फहद सकाळी त्यांच्याआधी येऊन कुलूप उघडू लागला.

शेवटचा महिना उरला असताना एक बातमी आली. ओला दगड अकरावा अल्बम काढतोय. इब्राहिमभाईंनी मला उभ्याउभ्याच तो मागवायला लावला. दरम्यान त्यांची तीस वर्षांची शिदोरी गावी रवाना झाली. तबकड्या चादरींत गुंडाळून कार्गोनं गेल्या, प्लेअरही गेला. पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का बसला, इकामा, म्हणजे तिथलं ओळखपत्र, कंपनीत जमा झाला. पाकीट मात्र येईना. आली ती कस्टमची सूचना, दम्मामच्या पोस्टातून. आत ध्वनिमुद्रण आहे, त्याची चौकशी होईल, ओळखपत्र घेऊन या. आणि ओळखपत्र तर आता त्यांच्याकडे नव्हतं. विमान तिसऱ्या दिवशी होतं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "इतक्यांदा आली, एकदा नाय आली." पण दुपारी ते जेवले नाहीत.

फहदनं टेबलावरची सूचना उचलली, वाचली आणि खिशात घातली. त्या दिवशी तो चार तास पोस्टात बसून हात हलवत परत आला. अधिकारी म्हणाला होता, उद्या या. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला आणि दुपार टळल्यावर स्टोअरच्या दारात उभा राहिला. काखेत पाकीट होतं, एका बाजूनं फाडून टेपनं चिकटवलेलं.

"त्यांनी विचारलं, यात काय गायलंय," तो आम्हाला सांगू लागला. "मी म्हटलं, मला माहीत नाही. मी ऐकलेलं नाही, आणि जपानी मला येत नाही. ते म्हणाले, मग जबाबदारी कोण घेणार? मी म्हटलं, माझं नाव लिहा. ज्याचं आहे तो माणूस वाईट गोष्ट तीस वर्षं ऐकणार नाही."

इब्राहिमभाई नळावर गेले, हात धुतले, आणि बराच वेळ तिथेच पाठमोरे उभे राहिले. नळ चालूच होता. मग येऊन त्यांनी पाकीट घेतलं. अल्बमच्या वेष्टनावर चित्र नव्हतं, नुसता राखाडी रंग आणि कोपऱ्यात चार नावं. त्यांनी नावं बोट लावून मोजली. "चौघं हायत अजून," ते म्हणाले.

मला वाईट वाटत होतं. मी म्हटलं, "प्लेअर गेला की हो. आज ऐकता आली असती."

"बरां झालां. ही घरीच ऐकीन. आजपत्तूर सगल्या परक्या मुलखात ऐकल्या."

दुसऱ्या दिवशी फहदच्याच गाडीतून आम्ही विमानतळावर गेलो. तबकडी त्यांनी सामानात दिली नाही, छातीशी धरली होती. आत जायच्या दारापाशी फहदनं त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं, तिथे वडीलधाऱ्यांचं घेतात तसं. इब्राहिमभाई त्याला म्हणाले, "सात नंबरच्या रॅकचं कुलूप ओढून बघत जा. ते लागल्यासारखं वाटतं, लागत नाही." मला म्हणाले, "येतंस ना गावाला?" मी हो म्हटलं. ते गेले.

गावाला जाणं माझ्याकडून झालं नाही. माझी सुट्टी येई, ती माझ्याच घरी संपे. फोन मात्र होत. अकराव्याबद्दल त्यांचं मत होतं की म्हातारे झालेत, पण खोटं वाजवत नाहीत. सकीनाभाभी तो आवाज सुरू झाला की पडवीत जाऊन दार ओढून घेतात, अशी त्यांची तक्रार होती. "तीस वरसां एकटी व्हती, तवा शांतता व्हती म्हनते," असं सांगून ते हसत.

दोन वर्षांनी, माझंही नाव यादीत लागलं होतं त्या सुमारास, नसीमचा फोन आला. सकाळी चहा पिताना इब्राहिमभाईंच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी ते फहदला सांगायला गेलो. तो डोळे मिटून गॅस्केट चाचपत असलेल्या एका नव्या माणसाजवळ उभा होता. ऐकून तो खाली बसला, तिथेच, जमिनीवर.

चाळीस दिवस झाल्यावर मी सकीनाभाभींना फोन केला. या बाईंशी मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होतो. त्यांनी माझी, माझ्या मुलांची चौकशी केली. मग म्हणाल्या, "त्यांच्या तबकड्या हायत. नसीम म्हनते, कुनाला तरी देऊ."

मी म्हटलं, "तुमच्या मनाला येईल तसं करा, भाभी."

"नाय, ऐक तर. परवा मी एक लावून बघितली. नातीनं सुई ठेवून दिलान. मना वाटला, बघू तरी, ह्या माणसानं तिकडं काय केलान इतकी वरसां. मना त्यातला काय पन कलला नाय. पन उठवेना."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? उलटवली, नि दुसरी बाजू लावली."