कान दिसला, अक्ष खोटा

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना मुलं घडीबाई म्हणतात. सममिती फळ्यावर शिकवणं म्हणजे खाटेवर पोहायला शिकवणं, असं त्यांचं मत. आकार कापा, दुमडा. दोन्ही भाग एकमेकांवर तंतोतंत बसले तर ती घडी म्हणजे अक्ष. नाही बसले तर नाही, त्यात वाद घालायचा नाही. त्यांच्या तासानंतर वर्गात कागदाचा इतका कचरा होतो की शिपाईमामा झाडू आपटत आम्हा सगळ्यांचा उद्धार करतात. मी शेजारच्या वर्गात भाषा शिकवते, त्यामुळे माझाही होतो.

गेल्या थंडीत बाईंच्या तोंडावरून वारं गेलं. सकाळी चूळ भरताना पाणी एकाच बाजूनं गळायला लागलं, आणि आरशात बघतात तर उजवा गाल ओघळलेला. डॉक्टरांनी सांगितलं, थोडं सुधारेल, सगळं नाही. घरी नणंदेनं आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला, वहिनीला वाईट वाटू नये म्हणून. दात घासताना काही दिसत नाही म्हणून बाईंनी तो परत फिरवला.

रजा संपवून त्या शाळेत आल्या त्या रुमालानं तोंडाचा कोपरा झाकून. त्या दिवशी शिक्षकखोलीत जे तोंडदेखलं प्रेम उतू गेलं, ते आठवलं तरी मला मळमळतं. विज्ञानाचे सर म्हणाले, छे, काही कळतसुद्धा नाही हो. बाईंची पाठ फिरली आणि त्यांनी आपला चहाचा कप उचलून लांब खिडकीत ठेवला. विज्ञान शिकवतात हे, आणि त्यांना वाटत होतं की तोंड वाकडं होणं सर्दीसारखं लागतं.

पण या सगळ्यांवर कडी केली मुख्याध्यापकांनी. त्यांना आम्ही पाठीमागे ओळंबा म्हणतो. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. यांना चपला ओळीत लागतात, कचऱ्याचे डबे ओळीत लागतात, आणि स्वतःचा भांग तर असा की त्यावरून रेघ आखावी. त्यांनी मला बोलावून सांगितलं की बाईंना बघून मुलं बिचकतात, पालकांत कुजबुज आहे. कुठल्या पालकांत, ते सांगितलं नाही. ते पहिल्यापासून हलक्या कानाचे; कुजबुज विज्ञानाच्या सरांची असणार. मी सममितीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचं आणि एवढंच बघायचं, मुलं हसतात का. हसली, तर बाई निवृत्त होईपर्यंत ग्रंथालयात बसतील आणि कोणी न वाचलेल्या पुस्तकांवरची धूळ झाडतील. हे सांगताना त्यांचा आवाज दूध प्यायल्यासारखा मऊ होता. मला त्या आवाजाची शिसारी आली.

मी मागे जाऊन बसले. बाई बोलायला लागल्या आणि पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं, ते भाषेच्या माणसालाच येईल. बाईंचे ओठ नीट मिटत नव्हते, म्हणून प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं त्यांनी बोलण्यातून हद्दपार केली होती. आता सममितीत दोन म, समांतरभुज चौकोनात म आणि भ. हा धडा त्यांच्यासाठी काट्याकुट्यांचीच वाट. ते शब्द त्यांनी फळ्यावर लिहिले आणि तोंडानं फक्त घडी, अक्ष, कान. आयताला अक्ष किती? मुलांनी एका सुरात सांगितलं, चार. वर्षानुवर्षं सगळी मुलं हेच सांगतात. बाईंनी एकेकाला आयत कर्णावर दुमडायला लावला. दोन्हीकडे कागदाची टोकं बाहेर आली, कुत्र्याच्या कानांसारखी.

"कान दिसला, अक्ष खोटा," बाई म्हणाल्या. मुलं ते वाक्य घोकायला लागली. एकही ओठांचं अक्षर नव्हतं त्यात. मी मान खाली घातली, डोळे भरले होते.

मग समांतरभुज चौकोन आला. कसाही दुमडा, कान दिसतोच, अक्ष शून्य. तेवढ्यात पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उठली आणि सरळ विचारून मोकळी झाली, बाई, तुमच्या तोंडाला अक्ष आहे का? मी बाकावरून अर्धी उठले.

"होता. थंडीत गेला," बाई म्हणाल्या. "शून्य हे उत्तर असतं. चूक नसते."

मुलीनं मान डोलावली, शंका फिटल्यासारखी. पण तिला पुढची शंका आली. मुख्याध्यापक सरांच्या तोंडाला असेल ना? भिंतीवर शाळेचं कॅलेंडर होतं, त्यावर ओळंब्याचा भला मोठा फोटो. बाईंनी ते खिळ्यावरून काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं नाकाच्या रेषेवर नीट घडी घातली आणि वर धरली. एका बाजूनं ऐसपैस कान बाहेर आला होता. वर्ग एका आवाजात म्हणाला, कान दिसला, अक्ष खोटा, आणि जो हसत सुटला तो थांबेचना.

ओळंबा व्हरांड्यातच घुटमळत होता. तास संपताच मला बोलावणं आलं. चेहरा दुःखी ठेवून, पण आतून खूश होऊन त्यांनी विचारलं, "मुलं हसली ना?"

"हसली," मी म्हणाले. "तुमच्या फोटोला."

त्यांनी कॅलेंडर मागवलं. घडी उघडली, पुन्हा घातली. मग खणातून छोटा आरसा काढला आणि आपला कान हातानं डोक्याशी दाबून बघितला. एवढ्या मोठ्या माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसत होतं, स्वतःचं मुसळ आज पहिल्यांदा दिसलं. बाईंना आता हलवलं तर का हलवलं याची चर्चा होईल, आणि चर्चा कानापर्यंत येईल, हा हिशेब त्यांच्या कपाळावर मला वाचता येत होता. शेवटी म्हणाले, बाईंचा वर्ग बाईंकडेच राहू दे. कॅलेंडरं मात्र सगळ्या वर्गांतून उतरवा.

बाईंच्या इतक्या वर्षांच्या शिकवण्याबद्दल एक शब्द नाही. माणुसकीनं नाही, स्वतःच्या कानाच्या लाजेनं हा माणूस सरळ वागला. मला तिथेच थुंकावंसं वाटलं. बाईंना जाऊन सगळं सांगितलं, तर त्या रुमालाआडून हसल्या.

"कानानं तारलं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत होते. भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला, सममिती, आणि पुन्हा एकदा, मोठ्यानं, सममिती. दोन्ही म एका बाजूनं फसफसून सांडत होते. मी दारातून डोकावले. बाईंचा रुमाल टेबलावर पडला होता, आणि मुलं कागद दुमडण्यात गुंतली होती.