न दिलेला पास
गुडघ्यावर मारायच्या स्प्रेचा वास आला की मला राज्याच्या महिला संघाचा तो उपांत्य सामना आठवतो. संघात भंडाऱ्याच्या आम्ही दोघीच होतो, मी आणि शाळेपासून माझ्यासोबत बास्केटबॉल खेळलेली, भंडाऱ्याजवळच्या शहापूरची मैत्रीण. सामन्याआधी सरांनी मला बाजूला घेतलं. "तुमची जोडी समोरच्यांना पाठ झालीय. आज तिला पास द्यायचाच नाही. पण तिला सांगू नकोस, ती मनापासून धावली तरच त्यांच्या दोघीजणी तिच्यामागे जातील." मी मान हलवली. बंद हॉलमध्ये बुटांचा चरचराट घुमत होता, घामाने बॉल हातातून निसटत होता. ती धावून धावून हात वर करायची आणि मी बॉल दुसरीकडे द्यायचे. शेवटी समोरच्यांनाही डाव कळला, तिला कुणी अडवेना. एका गुणाने मागे असताना ती बास्केटखाली एकटी उभी होती. तरी मी दुसरीकडेच पास टाकला आणि तो त्यांनी हिसकावला. परतीच्या गाडीत तिने विचारलं, "मी तुले दिसली नाही का?" "दिसली," मी म्हणाले. "मंग काहून नाही देला?" मी सरांचं सांगणं सांगितलं. ती म्हणाली, "मले आधी सांगितलं असतं, त मी हात तरी वर केला नसता." पुढच्या शिबिराला ती आली नाही. तिच्या घरी गेले, तर ती धानाच्या रोवणीला गेली म्हणून तिच्या आईने दारातूनच सांगितलं. आता मीही मुलींना शिकवते. सामन्याआधी कधीकधी एखादीला असंच बाजूला घ्यावं लागतं, आणि मी घेते.