पवित्र शनिवारी वाजलेली घंटा

आधीच सांगते, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. इतकी वर्षं लोकांचं रक्त काचेवर पसरून बघतेय, त्यात भूत अजून एकदाही सापडलेलं नाही. भुताखेतांच्या ह्या ग्रुपवर मी आले ती आमच्या बिल्डिंगमधल्या साळवी वहिनींमुळे. त्या चिपळूणच्या, त्यांच्याकडे दर आठवड्याला एक नवी हडळ असते आणि मी दर वेळी त्यांची यथेच्छ टिंगल करते. पण एकदा चहा पिताना मी त्यांना हे सांगितलं, आणि ह्या बडबड्या बाईने चक्क कप खाली ठेवला. मग म्हणाली, "हे लिहून टाका तुम्ही." म्हणून लिहितेय. रात्र, पिंपळ, पांढरी साडी असलं काही ह्यात नाही. भर दुपारची गोष्ट आहे.

मी विरार पूर्वेला चंदनसारला राहते. आम्ही वसईचे कॅथलिक, माझं माहेर गिरीजच्या बाजूला. घर, घरामागे केळी-नारळाची वाडी, वाडीच्या टोकाला कुंपण आणि कुंपणापलीकडे चर्च. चर्चचं नाव देत नाही, गावातले लोकही हा ग्रुप वाचतात. घरची आमची बोली वेगळी आहे, ती जशीच्या तशी लिहिली तर वहिनींना ओ की ठो कळणार नाही, म्हणून जरा सोपी केली आहे.

मला एक मोठा भाऊ होता, बेनित. मी शाळेत होते तेव्हा त्याने स्वतःचा जीव घेतला. कसा, ते लिहायचं नसतं. आणि का, ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. आदल्या दिवशी तो आयला नारळ सोलून देत होता.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, ती माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. आमच्या गावात कोणी गेलं की चर्चची घंटा वाजते. सावकाश, एकेक ठोका, पुरुष असेल तर एका तऱ्हेने आणि बाई असेल तर दुसऱ्या. ती कानावर पडली की माणूस हातातलं काम टाकून उभा राहतो आणि गेलेल्यासाठी प्रार्थना म्हणतो... 'प्रभो, त्याला सार्वकालिक विश्रांती दे.' कोण गेलं हे तेव्हा माहीत नसतं. आधी प्रार्थना, चौकशी नंतर. भांडण असलेल्या माणसासाठीही अशी प्रार्थना होऊन जाते बऱ्याचदा.

बेनितसाठी घंटा वाजली नाही. चर्चमध्ये मिस्सा म्हणजे प्रार्थनाविधीही झाला नाही. बाबा आणि तीन-चार नातेवाइकांनी त्याला कबरस्तानाच्या भिंतीकडेला पुरलं आणि घरी येऊन अंघोळी केल्या. जुन्या लोकांची समजूत अशी की आत्महत्या करणाऱ्याला स्वर्ग नाही. जीव देवाने दिलेला, तो आपण परत फेकला, तर मग देवाकडे जागा कुठली? त्याच्यासाठी प्रार्थना मागायची नाही, त्याच्या नावाने मिस्सा लावायची नाही. आयने तीस वर्षं ते निमूटपणे पाळलं. मृतांच्या दिवशी आम्ही सगळ्या कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लावतो. आय आजीच्या कबरीवर दोन मेणबत्त्या लावायची आणि दुसरी कोणाची, हे कोणी विचारायचं नाही.

गेल्या वर्षी आयचा कॅन्सर पसरला. डॉक्टरांनी सांगितलं, आता दुखणं कमी ठेवा, बाकी काही नको. मी रजा टाकून माहेरी आले. राखेच्या बुधवारी आमचा उपवासकाळ सुरू झाला, ईस्टरपर्यंतचा. तेव्हापासून आयने जेवण कमी केलं. आधी मासे सोडले, मग भात, मग चहा. आजाऱ्याने उपास करायचा नसतो, चर्चच सूट देतं. पण बघायला येणाऱ्या बायका भारावून जायच्या. "काय ही भक्ती! मरायला टेकली तरी उपास मोडत नाय." एक बाई तर तिच्या पाया पडून गेली. मलाही जरा अभिमानच वाटत होता, खोटं कशाला बोलू.

उपवासकाळाच्या शेवटच्या आठवड्यात तिने पाणीही बाजूला सारलं. मी रागावले. तर ती माझा हात धरून अगदी हळू म्हणाली, "बाय, तुमच्या लॅबच्या डॉक्टरांकडे कायमचं झोपवायचं इंजेक्शन असतं ना?"

मी म्हटलं, "आय, असं देता येत नाही. कायदा नाही, आणि धर्मात तर पापच आहे ते."

"पाप हाय म्हनूनच मागते," ती म्हणाली. "देवाच्या हातानं मेले तर मी वर जाईन. बेनित तिकडं नाय. मना त्याच्याकडं जायचंय. तो गेला तशीच गेले, तर मना तिकडंच टाकतील ना?"

दीड महिना गाव जिला भक्ती म्हणत होतं, ती ही होती. माझी आय नरकात जागा मिळवण्यासाठी उपाशी राहत होती. मी मागच्या पडवीत जाऊन रडले. खूप रडले.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. फादरांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. शनिवारी सकाळी उशिरा ते आले. तरुण आहेत, चेष्टेखोर आहेत, आयला ते आवडायचे. आजाऱ्याच्या कपाळाला आणि हातांना तेल लावून शेवटची प्रार्थना करतात, त्यासाठी आले होते. आयने हात गोधडीखाली घेतले.

"मना नको तेल. मना त्याच्याकडं जायचंय."

फादर तिच्या खाटेशी बसले. आयचं बोलणं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. म्हणाले, "आय, आज कुठला वार?"

"शनवार."

"काल प्रभूला कबरीत ठेवलं. उद्या तो उठणार. मग आज तो कुठं आहे? दर रविवारी काय म्हणतेस तू? 'तो अधोलोकात उतरला.' जिथं कोणी जात नाही तिथं तो आज गेलाय. बेनितला शोधायला तुझ्याआधी तो पोचलाय. तू कशाला उपाशी चालत जातेस?"

आय ऐकत होती, पण तिचा चेहरा हलला नाही. "मग तवा घंटा का नाय दिली तुमच्या लोकांनी? मिस्सा का नाय दिली?"

फादर गोंधळले. म्हणाले, "आय, हा नियम त्याच्या कितीतरी आधी बदलला होता. जीव देणाऱ्याचं मन त्या घडीला कुठं होतं ते देवालाच माहीत, म्हणून चर्च त्याला कोणाच्या हवाली करत नाही, देवाच्याच हवाली करतं. मागितली असती तर मिळाली असती. नाही कोणी म्हटलं?"

आयने दाराकडे पाहिलं. दारात बाबा उभे होते. ऐंशीच्या घरातला माणूस, उंबरठ्याला टेकलेला. तीस वर्षं आय धरून चालली होती की बाबांनी पाया पडून विनवण्या केल्या आणि तेव्हाच्या फादरांनी हाकलून दिलं.

"मी विचारलंच नाय," बाबा म्हणाले. "नाय म्हनतील, चार लोकांत नाय म्हनतील, म्हनून विचारलंच नाय. पुरायला जागा मागितली, बस. ते फादर विचारत होते, आनखी काय पायजे? मी सांगितलं, घरच्यांना काय नको."

आय त्यांच्याकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. बाबा वळले आणि मागच्या दाराने वाडीत निघून गेले. मी त्यांच्या मागे गेले नाही, मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला होता.

आणि घंटा वाजली.

सावकाश, एकेक ठोका... पुरुषाची. फादर सवयीने उभे राहिले, मीही राहिले, दोघांनी प्रार्थना म्हटली. खिडकीतून दिसत होतं, समोरची सिसिल कपडे वाळत घालता घालता थांबली होती आणि तिचे ओठ हलत होते. रस्त्यावर एकाने स्कूटर थांबवून हेल्मेट काढलं. सगळं गाव कोणासाठी तरी विश्रांती मागत होतं. 'आमेन' म्हटलं आणि मी फादरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

कारण पवित्र शनिवारी घंटा वाजत नाही. गुरुवारी रात्री बंद होते ती थेट ईस्टरच्या मिस्सेत वाजते. मधल्या दिवसांत कोणी गेलं तरी नाही. आमच्याकडे तर दोर वर गुंडाळून बांधून ठेवतात, कोणी सवयीने ओढू नये म्हणून.

"बेनितची वाजली," आय म्हणाली. फार शांतपणे. मग तिने गोधडीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि तळवे वर करून फादरांसमोर धरले.

फादरांनी तेल लावलं. त्यानंतर आयने पेज मागितली आणि वाटीभर प्यायली.

आता तुमच्यातले हुशार लोक प्रश्न विचारतील, ते सगळे मी विचारून झाले आहेत. घंटा वाजवणारा इनास तेव्हा पापडीच्या बाजारात फुलं आणायला गेला होता, मनोऱ्याची चावी त्याच्या खिशात. तो आल्यावर फादर, मी आणि तो असे तिघे गेलो. कुलूप होतं. दोर वर बांधलेला होता आणि गाठ इनासचीच होती, तो स्वतः म्हणाला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर 'कोण वारलं?' चालू होतं, म्हाताऱ्या बायका 'शनवारी घंटा मारनारा कोन तो नालायक' म्हणून खवळल्या होत्या. त्या दिवशी आमच्या गावात कोणीही वारलं नव्हतं.

आय ईस्टरनंतर गेली, झोपेत, देवाच्याच हाताने. ती गेल्यावर बेनितच्या नावाने आम्ही पहिली मिस्सा लावली. चर्च भरलं होतं. त्याच्या वर्गातले आता टक्कल पडलेले लोक आले होते.

इथे संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण ज्याच्यासाठी मी हे खरं तर लिहायला बसले, ते पुढेच आहे.

बाबांनी घंटा ऐकली नाही.

आमच्या वाडीला लागून शांताराम भाऊंची वाडी आहे. हिंदू शेतकरी, पण लहानपणापासून आमच्यात वाढलेले, घंटा झाली की तेही टोपी काढून उभे राहतात. त्या दिवशी ते कुंपणाजवळ केळीची पानं कापत होते. त्यांनी मला सांगितलं, "तुझा बाबा माझ्यापासून हातभर होता. घंटा झाली, मी उभा राह्यलो. तो आपला खाली बघून आळ्याची माती सारखी करत होता. मी इचारलं, कोन गेलं रे? तर बोलला, कशावरून? मी बोललो, अरे घंटा होते ना! तो बोलला, कुठं?" घंटा तेव्हा वाजत होती. आमच्या घरापेक्षा चर्च त्या कुंपणाला जवळ आहे.

कानाचा डॉक्टर झाला. वयाच्या मानाने बाबांचे कान ठणठणीत आहेत. आयच्या वेळची घंटा त्यांना नीट ऐकू आली होती, रोजची संध्याकाळची येते.

मी दर रविवारी जाते. जेवण झालं की बाबा म्हणतात, "कशी वाजली ती, सांग." मी सांगते. सिसिल कशी थांबली, स्कूटरवाल्याने हेल्मेट कसं काढलं, आयने हात कसे पुढे केले. राग आता उरलेला नाही. ते लहान पोरासारखे ऐकतात. आणि मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, "तुझ्या आयला ऐकू आली. तुला आली, फादरला आली, त्या शांतारामला आली. मग मना का नाय, बाय?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही पाण्याची मोटर लावली होती ना. तिच्या आवाजात नसेल आली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "हां. मोटर असंल."

त्या शनिवारी सकाळपासून आमच्याकडे लाइट नव्हती. फादरांना मी पेपरने वारा घालत होते. आणि फादर आले तेव्हा दारात त्यांना "लाइट नाय, पंखा नाय, सांभाळून घ्या" असं बाबाच म्हणाले होते.