बारा ते दोनचा पहारा

फवारणीच्या दिवशी हरीओम जेवत नसे. सोयाबीनवर अळी पडली की पंप पाठीला लावायचा, ओळीमागून ओळ फवारायची आणि दिवस मावळेपर्यंत पोटात फक्त पाणी. इतके जीव आपल्या हातानं मारायचे आणि वर भाकर खायची, हे त्याला जमत नसे. त्याची बायको वैजयंती हसायची. औंदा अळी लय हाय, तुमी उपाशीच मरसान, म्हणायची. तोही हसायचा. पण जेवायचा नाही.

मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे जाताना डाव्या हाताला फाटा फुटतो. तिथून आत त्याचं गाव. तीन बहिणींच्या पाठीवर झालेला एकुलता मुलगा. बाप नानाजी माळकरी. हरीओमच्या गळ्यात तुळशीची माळ पडली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. माळ घातली की मटण-मासळी सुटते, दारू सुटते, एकादशी लागते. शाळेतली पोरं त्याला महाराज म्हणून चिडवायची. तो चिडला नाही, म्हणून ती थांबली. दहावी झाली. वाशीमला आयटीआयमध्ये वायरमनचं एक वर्ष झालं. त्या उन्हाळ्यात नानाजींची कंबर धरली, आणि पेरणीपुरता म्हणून आलेला हरीओम गावातच राहिला. त्या एका वर्षावर गावातल्या निम्म्या विहिरींच्या मोटारी अजून चालतात. मग लग्न झालं, योगिनी झाली. आपलं काही राहून गेलं असं तो कधी बोलला नाही. बहुतेक त्याला तसं वाटलंही नसावं.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. त्याची माय, रंगूबाई, करोनाच्या दुसऱ्या लाटेत दवाखान्यातच वारली. शेवटचं पाणी मुलाच्या हातचं मिळावं, असं गावात मानतात. हरीओम दोन दिवस दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभा होता. हातात गंगाजळाची बाटली. आत कोणी सोडलं नाही. परत आल्यावर त्यानं ती बाटली तशीच देव्हाऱ्यात ठेवली आणि बापाला म्हणाला, "बाबा, तुमच्या वक्ती मी उशाशी असन."

"घाई नको करू लेका," नानाजी म्हणाले.

अश्वजित त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. बुद्धविहारामागच्या वस्तीतला. त्याचा बाप नानाजींकडे चौदा वर्षं सालदार होता, म्हणून अश्वजितचं लहानपण त्यांच्याच शेताच्या धुऱ्यावर, बांधावर गेलं. पुढे तो मराठी घेऊन एम.ए. झाला आणि नोकरीची वाट पाहत गावात शिकवण्या घेऊ लागला. योगिनीलाही तोच शिकवायचा. दिवस कलला की दोघं मित्र धुऱ्यावर बसत. हरीओमला शेकडो अभंग पाठ. अर्थ अर्ध्यांचाही धड लागत नसे. तो म्हणायचा, अश्वजित उलगडून सांगायचा.

"तुह्यं पाठांतर, माहा अर्थ," अश्वजित म्हणायचा. "दोघं मिळून एक माळकरी होतो आपण."

हरीओम त्याच्या घरी जेवत नसे. तिथे मटण शिजतं, आणि माळकऱ्याला ते घर चालत नाही. पण मटण शिजणाऱ्या पाटलाच्या घरीही तो जेवत नसे. आपण जात पाळत नाही, नियम पाळतो, अशी त्याची समजूत होती. अश्वजित पेरू आणायचा, हरभऱ्याचे घाटे भाजायचा. ते तो पोटभर खायचा. या विषयावर दोघांत कधी बोलणं झालं नाही. गरज पडली नव्हती.

चैत्रात, हनुमान जयंतीच्या आधी, मारुतीच्या देवळापुढं सप्ताह बसतो. त्या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकत नाही. ती गळ्यात घेऊन कोणीतरी उभा असतोच. दोन-दोन तासांचा पहारा. वेळ भरली की पुढचा माळकरी आंघोळ करून येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. गळ्यात माळ नसेल त्यानं वीणेला हात लावायचा नाही. दुपारी बारा ते दोनचा पहारा सगळे टाळतात. ऊन रखरखतं, जेवणं झालेली असतात, मंडपात माणूस नसतो. पंधरा वर्षं तो पहारा हरीओमचा होता. त्यानं तो मागून घेतला होता.

गेल्या वर्षी नानाजी संक्रांतीपासून खाटेवर होते. सप्ताहाच्या पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी अर्धा कप चहा घेतला, नातीशी बोलले. हरीओम रेंगाळला तेव्हा त्यांनीच त्याला उठवलं. जाय, पहारा चुकवू नको, म्हणाले. घर मंडपापासून चार घरं टाकून. हरीओम गेला. वीणा गळ्यात घेतली. सोबतीला दोन म्हातारे टाळकरी होते.

सव्वा वाजता योगिनी अनवाणी धावत आली. आजोबा कसंतरी करून राह्यले, तुमचं नाव घेऊन राह्यले, म्हणाली. टाळकऱ्यांनी टाळ खाली ठेवले आणि पाहून येतो म्हणून गेले. हरीओमनं पोरीला सांगितलं, गोविंदसिंगकाकाले पाठव. गोविंदसिंग शेजारच्या तांड्यावरचा माळकरी. दोनचा पहारा त्याचाच होता, आणि जेवण करून तो नानाजींच्याच ओसरीवर टेकला होता. फार तर पाच मिनिटं. हरीओमनं तार छेडली. रामकृष्णहरी म्हटलं. पुन्हा म्हटलं. समोरच्या गल्लीतून माणसं त्याच्या घराकडे जाताना दिसत होती. इकडे कोणी येत नव्हतं.

आला तो अश्वजित. धापा टाकत मंडपाच्या कडेला थांबला, चपला काढल्या आणि सरळ आत आला.

"चाल. बोलावून राह्यले तुले."

"गोविंदसिंग कुठी हाय?"

"आंघोयीले गेला. येईन तो. तू चाल."

हरीओमला कळलं. मरणाऱ्याच्या खाटेपासून उठलेला माणूस तसाच येऊन वीणा घेणार नाही. आधी तो डोक्यावरून पाणी घेणार, धुतलेलं धोतर नेसणार, गंध लावणार. हरीओमनंही तेच केलं असतं.

"वीणा हाय गळ्यात," तो म्हणाला.

अश्वजितनं आपले दोन्ही तळहात शर्टावर पुसले आणि पुढं केले.

"दे इकडं. मी धरतो. तू जाय."

मंडपात तिसरं कोणी नव्हतं. हरीओमचा एक हात वीणेच्या दांडीवर होता, दुसरा पट्ट्याकडे गेला. पट्टा खांद्यावरून काढायचा, एवढंच करायचं होतं. त्यानं तो काढला नाही. तो एक पाऊल मागे सरकला.

अश्वजितचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मग त्यानं ते खाली घेतले.  चपला हातात घेऊन तो आला तसाच परत पळत गेला.

गोविंदसिंग आला तेव्हा दोन वाजायला वीस मिनिटं होती. ओल्या केसांतून पाणी गळत होतं. पाया पडायचं राहिलंच. हरीओम पळाला. दारात वैजयंती उभी होती आणि तिच्या मागे बायकांचा रडण्याचा आवाज होता. देव्हाऱ्यातली बाटली खाटेखाली उघडी पडली होती.

कोणी पाजलं, त्यानं विचारलं.

"अश्वजितनं," ती म्हणाली. "मी मान धरली होती, माह्यानं दोन्ही होत नव्हतं. दोन चमचे गेले. तिसरा ओठावरून आला." मग म्हणाली, "डोये उघडे होते बाबाचे. कोणाच्या हातचं हाय, पाह्यलं त्यायनं."

सातव्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं. सुतक होतं म्हणून हरीओम डोकं भादरलेला, मंडपाबाहेर कडुलिंबाखाली बसला होता. अश्वजितही बाहेरच, थोडा पलीकडे, दुचाकीला टेकून उभा होता. कीर्तनकार बुवांनी कालपरवाची हकिगत ऐकली होती. बाप खाटेवर नाव घेतोय, आणि मुलगा वीणा खाली ठेवत नाही. पुंडलिकानं बापासाठी देव थांबवला, यानं देवासाठी बाप थांबवला, असा भक्त या गावात आजही आहे, असं ते म्हणाले आणि बाहेर बोट दाखवलं. साऱ्या मंडपानं माना वळवल्या. बायकांनी डोळे पुसले. कोणीतरी मोबाइलवर ते टिपत होतं. हरीओमनं खाली पाहिलं. त्याला अश्वजितकडे पाहायचं होतं. मान उचलली गेली नाही.

ते चित्रीकरण मंगरूळपीरपर्यंत गेलं. अनोळखी माणसं घरी येऊ लागली. एक म्हातारा त्याच्या पायावर डोकं ठेवून गेला. हरीओम म्हणायचा, तसं काही नाही बावा. लोक म्हणायचे, पाहा, किती नम्र माणूस आहे.

शेवटी त्यानं सप्ताह मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. डिगांबरराव सत्तरीचे, सज्जन माणूस, त्याला माळ घातली तेव्हा शेजारी उभे असलेले. त्यांना त्यानं सगळं सांगितलं. आपल्याला जाता येत होतं. वीणा धरायला माणूस समोर उभा होता, हात पुढं करून. आपण दिली नाही.

डिगांबररावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग बरोबरच केलं तू," ते म्हणाले. "त्याच्या गळ्यात माळ कुठी हाय? पोरगा चांगला हाय, मी नाही म्हनत नाही. पण बरोबरच केलं."

हरीओमनं विचारलं, पाटलाच्या पोरानं हात पुढं केले असते तर? त्याच्याही गळ्यात माळ नाही. आपण दिली असती का? डिगांबरराव म्हणाले, असा विचार करायचा नसतो. त्यांनी चहा ठेवायला सांगितलं.

घरी येताना तोच प्रश्न हरीओमच्या सोबत आला. त्याचं उत्तर त्याला खरंच माहीत नव्हतं. नियम होता म्हणून पाऊल मागे गेलं, की पाऊल मागे गेलं आणि मग नियम आठवला? ते पाऊल इतक्या लवकर पडलं होतं.

अश्वजितनं काही तोडलं नाही. नानाजींच्या तिरडीला त्यानं खांदा दिला होता. योगिनीची शिकवणी सुरू होती. धुऱ्यावरही तो यायचा, घाटे भाजायचा. फक्त अर्थ सांगायचा बंद झाला. हरीओमनं विचारलं की म्हणायचा, पुस्तकात आहे, पाहून घे. श्रावणात एकदा फवारताना हरीओमनं पंप थांबवला आणि म्हणाला, "त्या दिवशी मंडपात..."

"वारा पाहून फवार," अश्वजित म्हणाला. "औषध अंगावर उडून राह्यलं तुह्या."

तो उपाशी दिवस हरीओमला फार लांब वाटला.

यंदा सप्ताहाची यादी लागली तेव्हा बारा ते दोनसमोर त्याचं नाव आधीच लिहिलेलं होतं. त्यानं नको म्हटलं. लोकांना वाटलं, बापाची आठवण येत असेल. तुझ्याशिवाय तो पहारा कोणाचा, म्हणाले. त्याला कारण सांगता येईना. एकदा सांगून झालं होतं, आणि त्याचं काय झालं तेही पाहून झालं होतं. तो उभा राहिला.

पाचव्या दिवशी दुपारी टाळकरी पाणी प्यायला मागे गेले होते. अश्वजित दुचाकीवर मंगरूळपीरहून बुंदीची टोपली घेऊन आला. गावातली सगळीच पोरं सप्ताहाच्या कामाला धावतात, तसा तोही. टोपली मंडपाच्या कडेला उतरवून तो वळला.

"अश्वजित," हरीओमनं हाक मारली.

हरीओम स्वतः चालत मंडपाच्या कडेपर्यंत आला. पट्टा खांद्यावरून काढला. दोन्ही हातांत वीणा घेतली आणि पुढं केली.  

अश्वजितनं वीणेकडे पाहिलं. मग हरीओमकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आता कायले, भाऊ?" तो हळू आवाजात म्हणाला. "आता कोन मरून राह्यलं?"

 हरीओमनं हात मागे घेतले नाहीत. अश्वजित गेला नाही. त्यानं हात पुढंही केले नाहीत. ते दोघं तसे उभे असताना टाळकरी तोंड पुसत परत आले. त्यांतल्या थोरल्यानं वीणा पाहिली, लगबगीनं पुढं झाला, आणि हरीओमच्या गळ्यात पट्टा नीट बसवून दिला.

"दमला बिचारा," तो दुसऱ्याला म्हणाला. "आजच तिथ हाय ना बापाची."

दुचाकी सुरू झाल्याचा आवाज आला. म्हाताऱ्यांनी टाळ उचलले आणि त्याच्याकडे पाहत थांबले, कारण सुरुवात वीणेकऱ्यानं करायची असते. देवळातल्या घड्याळात एक वीस झाले होते. हरीओमनं तार छेडली.