सोराइदाचं कपाट

माझी थोरली बहीण सोराइदा हिच्याकडे स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू होती. आईने लग्नात दिलेलं सेद्रो लाकडाचं कपाट. घर तिच्या नवऱ्याच्या बापाचं, पलंग त्याच्या आत्याचा, कोंबड्यासुद्धा शेजाऱ्यांशी निम्म्या वाट्यावर. कपाट मात्र तिचं. दार उघडलं की आतून गोडसर, किंचित मिरीसारखा वास यायचा. आमच्या सान हुआन गावात चिरुटांच्या पेट्या याच लाकडाच्या करतात. घात झाला तो त्यामुळेच.

सोराइदा तंबाखूच्या शेडमध्ये कामाला होती. ओल्या पानाची मधली शीर ओढून काढायची, दिवसभर मांडीवर पानं. नखं कायम काळी. पण रविवारी ती अशी नटायची की देवळाच्या पायरीवरच्या बायका बोलायच्या थांबायच्या. कपडे सगळे स्वतः शिवलेले. त्यातला निळा झगा, पांढऱ्या कॉलरचा, तिचा सगळ्यात आवडता.

नवरा एवेलिओ कारखान्यात चिरूट वळायचा. हात चांगला होता त्याचा, ते नाकारता येणार नाही. त्याच्या हातचे चिरूट वर्षानुवर्षं मुरवून परदेशी लोक ओढायचे, आणि तो स्वतः आमच्यासारखाच संध्याकाळी ताजा, ओलसर चिरूट ओढायचा. आमच्याकडे कुणीच मुरवत बसत नाही. वळला की ओठात. एवेलिओला ते बोचायचं. "आपण आयुष्यभर कच्चंच खायचं का?" असं म्हणायचा.

मुलगी इदाल्मिस झाली त्या वर्षी त्याच्या काकाच्या मळ्यात पान फार उत्तम आलं. एवेलिओने घरी बसून चिरूट वळले, रेशमी फितीने जुड्या बांधल्या आणि म्हणाला, पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाला सगळ्या गावाला देईन. ठेवायचे कुठे? सेद्रोच्या कपाटात.

"थोडे दिवस," तो सोराइदाला म्हणाला. "नवा चिरूट आधी आजारी पडतो. त्याच्यातून उग्र वाफ निघते. आजारपण सरलं की दुसरीकडे हलवीन."

तिने कपाटातले कपडे काढून भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवले आणि वरून चादर टाकली.

आजारपण सरलं. चिरूट हलले नाहीत. उलट दर वर्षी दोन-चार जुड्यांची भर पडत गेली. आत ओल टिकावी म्हणून पाण्याचा पेला, दर रविवारी जुड्या उलटसुलट करणं, बोटांनी हळूच दाबून बघणं. तंबाखू शेजारचा वास ओढून घेतो, म्हणून त्या खोलीत तिला पावडर लावायची बंदी झाली. ती स्वयंपाकघरात, चुलीपाशी उभी राहून पावडर लावायची. कपड्यांत डांबरगोळ्या ठेवायच्या नाहीत. फिनेल लावायचं नाही.

एकदा मी जेवायला गेलो होतो. काळा घेवडा आणि भात वाढताना ती म्हणाली, "नानो, तुझा मेहुणा रोज सकाळी कपाट उघडून विचारतो, कसे आहात रे बाळांनो? मला ताप आला तेव्हा दारातूनच विचारलं, कॉफी कोण करणार?"

"अगं, तू बोलतेस तरी," एवेलिओ म्हणाला. "ते बिचारे बोलू शकत नाहीत."

"म्हणूनच तुझं त्यांच्याशी जमतं, म्हाताऱ्या."

आम्ही सगळे हसलो. तीही हसली. पण ताट उचलताना मला हळूच म्हणाली, "माझं कपाट मला परत पाहिजे. एवढंच बोल त्याच्याशी."

मी बोललो. तो म्हणाला, "इदाल्मिसच्या पंधराव्यापर्यंत. शब्द देतो."

पंधरावा आला. आमच्याकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा करतात. अंगणात टेबलं मांडली, डुक्कर भाजलं, इदाल्मिसने गुलाबी झगा घातला. माणसं कपाटाकडे बघायला लागली. एवेलिओ आत गेला, बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि सगळ्यांना कारखान्याचे साधे, ताजे चिरूट वाटले.

"आत्ताच तर कुठे मुरायला लागलेत," तो म्हणाला. "आत्ता जाळणं पाप होईल. पोरीच्या लग्नाला काढू."

"एवेलिओ तंबाखू पुरतो आणि कबर राखतो," कुणीतरी म्हणालं. अंगणभर हशा पिकला. सोराइदा डुकराचं मांस कापत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि आत निघून गेली. परत आली तेव्हा डोळे धुतलेले होते.

लग्नालाही तेच झालं. इदाल्मिस नवऱ्याबरोबर हवानाला गेली. त्यानंतर सोराइदाने कपाटाचं नाव काढणं सोडलं. रविवारचं नटणंही सोडलं. शेडच्याच कपड्यांवर देवळात यायची.

मग तिला पोटाचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी घरी पाठवलं, म्हणजे काय ते आम्हाला कळलं. इदाल्मिस येऊन राहिली. सोराइदाचा पलंग कपाटासमोरच होता. एक दिवस ती त्याला म्हणाली, मी आणि इदाल्मिस तिथे असताना,

"एवेलिओ, ते रिकामं कर. माझे कपडे आत लाव. दार उघडं ठेव. मला इथून ते बघायचेत."

"करतो. पाऊस सरू दे. अशा हवेत बाहेर काढले तर बुरशी धरेल."

"मला पाऊस सरेपर्यंत वेळ नाही."

"असं बोलू नकोस. तू बरी झालीस की दोघं मिळून काढू."

इदाल्मिस उठून कपाटाला हात घालायला गेली. तो दारासमोर उभा राहिला. मारायला वगैरे नाही. नुसता उभा, हात मागे कपाटाला टेकवून. "राहू दे गं पोरी," सोराइदा म्हणाली. "त्याची पोरं आहेत ती." आणि भिंतीकडे तोंड केलं.

पाऊस सरायच्या आत ती गेली. पहाटे गेली आणि संध्याकाळी पुरायचं होतं. निळ्या कपड्यातच न्यावं असं तिने लेकीला सांगितलं होतं. इदाल्मिसने खिळ्यावरची चादर काढली. निळ्या कापडाला कसरीने पाठीवर भोकं पाडली होती आणि पांढरी कॉलर बुरशीने हिरवट झाली होती. बाकीच्यांचीही तीच गत. शेवटी शेजारच्या कारीदादने तिचा राखाडी झगा दिला. तो खांद्यात मोठा झाला. मागून टाचण्या लावल्या.

दुपारी माणसं जमली. बायका आत, पुरुष अंगणात. तेव्हा एवेलिओ कपाटापाशी गेला आणि पहिल्या वर्षीच्या जुड्या काढून आणल्या. फिती सोडल्या. सगळ्यांच्या हातात एकेक दिला, मलाही.

खोटं कशाला लिहू, चिरूट अप्रतिम होता. कडवटपणाचा लवलेश नाही. ओल्या मातीसारखा, भाजलेल्या कोकोसारखा धूर, आणि त्यात तेच सेद्रो.  मग एकेक जण बोलायला लागला.

"असला मी जन्मात ओढला नाही."

"राख बघ, राख! पडतच नाही."

"एवेलिओ, तुझंच बरोबर होतं रे. आम्ही मूर्ख."

आणि एवेलिओचा चेहरा उजळला. कोणत्या मळ्याचं पान, पाणी किती, उलटायचे कधी, हे तो सांगत सुटला. माणसं पुढे सरकून ऐकत होती. पुन्हा आत गेला, आणखी जुड्या आणल्या. शवपेटी उचलायची वेळ झाली तेव्हा चारदा हाका माराव्या लागल्या. खांदा देणाऱ्यांपैकी दोघांच्या तोंडात चिरूट तसाच होता.

दफनानंतर घरी आलो. कपाट जवळजवळ रिकामं झालं होतं. इदाल्मिसने आणि मी तिचे कपडे झटकले, भोकं पडलेले, डाग पडलेले, सगळे, आणि एकेक करून आत लावले. दार उघडं ठेवलं. पलंगाकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफीला गेलो, तर कपडे पुन्हा खिळ्यांना. नीट, सरळ रेषेत, वर धुतलेली चादर. एवेलिओ ओल्या फडक्याने कपाट आतून पुसत होता.

"कापडाचा वास बसला असता," तो मला म्हणाला. "काकाच्या मळ्यात यंदा पान बरं आहे म्हणतात."

इदाल्मिस दारात बॅग घेऊन उभी होती. "मामा," ती म्हणाली, "मला स्टँडवर सोड."  एवेलिओ पुसतच राहिला.