चोरलेले चिंचोके

रघुनाथराव गेल्याचं मला माझ्या नातीने, मीनूने, फोनवर सांगितलं. तिला एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे ती वाईट बातमीही ओरडूनच सांगते. "आजी, डॉक्टर ताता गेले. झोपेतच." ताता म्हणजे तमिळमध्ये आजोबा. मी मद्रासला वेस्ट मांबलमच्या बाजारात शेवग्याच्या शेंगा निवडत होते. आवाज इतका खणखणीत, की भाजीवालीनेही तराजू खाली ठेवला... तो आवाज ज्यांनी परत मिळवून दिला, तेच गेले होते.

मीनू सहा वर्षांची असताना रोज सकाळी उठली की ओकायची, भिंत धरून चालायची. मी शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेली हुशार बाई. मी तिला ओवा चावायला लावत होते. तपासणीत लहान मेंदूजवळ गाठ दिसली, झपाट्याने वाढणारी. रघुनाथराव त्या इस्पितळातले मेंदूचे सर्जन. घराणं तंजावरचं मराठी, बोलणं जुन्या वळणाचं आणि तमिळ हेलाचं. पुण्याहून आलेली मी त्या मराठीला मनातल्या मनात हसायचे. ते म्हणाले, "जेवढी काढता येईल तेवढी आधी काढायची. मग किरणं, मग औषधं. थांबायला वेळ नाही." ऑपरेशन सोमवारी ठरलं. सकाळी साडेसातला नर्स संमतीचा कागद घेऊन आली, तर मी माझ्या मुलाच्या हातातलं पेन काढून कमरेला खोचलं. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ! पुण्यात राहुकाळ मला कधी आडवा आला नव्हता. मद्रासला आल्यावर मी कांजीवरमबरोबर तोही हौसेने घेतला होता. कॅलेंडरचं फाडलेलं पान पुरावा म्हणून पर्समध्ये तयार होतं. रघुनाथरावांनी ते नीट वाचलं आणि स्वतःचं पेन मुलाला दिलं. "टीचरम्मा, गाठीला पंचांग वाचता येत नाही."

गाठ जवळजवळ सगळी निघाली. मीनू शुद्धीवर आली, पाणी मागितलं, आणि दुसऱ्या दिवशी तिची वाचा गेली. बघायची, रडायची, पण शब्द नाही. "मी सांगितलं होतं," मी त्यांना ऐकवलं. आज आठवलं की त्या बाईच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो. ते चिडले नाहीत. "या जागेच्या ऑपरेशननंतर काही मुलांचं असं होतं. बहुतेकांची वाचा परत येते. कधी, ते मला सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ते पल्लांगुळी घेऊन आले, म्हणजे चौदा खळग्यांची लाकडी पाटी, चिंचोके वाटत खेळायची. पाटी मीनूच्या खाटेवर ठेवली आणि मला म्हणाले, "या, खेळा माझ्याशी." मग रोज चार वाजता आम्ही खेळायचो आणि हा एवढा मोठा सर्जन उघडउघड चिंचोके चोरून कोटाच्या खिशात टाकायचा. मी खरोखर भांडायचे, कारण मला हरणं सोसत नाही. तीन आठवडे गेले. एक दिवस त्यांनी चिंचोका उचलला आणि खाटेवरून बारीक, अडखळता आवाज आला, "ताता... कळ्ळाट्टम्." तमिळ पोरांचा शब्द, खेळातल्या लबाडीचा. रघुनाथराव म्हणाले, "आमा, कण्णा. होय बाळा, पकडलंस." आणि चष्मा पुसत बसले.

पुढे किरणं झाली, औषधं झाली. शेजारच्या खाटेवरचा मुलगा मात्र राहिला नाही. किती मुलं वाचवलीत, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "वाचलेली स्वतःच येऊन आठवण देतात. गेलेली येत नाहीत, म्हणून ती मला लक्षात ठेवावी लागतात."

मीनू आता चोवीस वर्षांची आहे. त्या उपचारांनी उंची माझ्या खांद्याएवढीच राहिली, लिहायला वेळ लागतो, पण टी. नगरच्या एका शाळेत लहान मुलांना चित्रकला शिकवते आणि वर्गात तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. गेल्या आठवड्यात रघुनाथरावांच्या पत्नीने ती पाटी आमच्याकडे पाठवली. सोबत कागदाच्या पुडीत सात चिंचोके, कपाटातल्या जुन्या कोटाच्या खिशात सापडलेले.

रविवारी साडेचारला, भर राहुकाळात, आम्ही दोघी खेळायला बसलो. आता लबाडी मी करते. एक चिंचोका पदराखाली सरकवते, तिला दिसेल असा... आणि वाट बघते.

"आजी, कळ्ळाट्टम्!"

खाली रस्त्यावर ऐकू जातं.